प्लेगची लस देणाऱ्या हाफकिन यांच्यावर १९ मृत्यूंचं खापर फुटलं, आणि ते पुसायला ५ वर्षं गेली

कर्जत, खोपोली, खालापूरकडच्या घरात कुणाला मोठं दुखणं निघालं की गोष्ट ठरलेली असते. आधी तालुक्याचा सरकारी दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की पहाटेची लोकल, आणि मग परळ. केईएम, टाटा, वाडिया. पेशंटला आत नेलं की बाकीचे नातेवाईक बाहेर रस्त्यावर चहा पीत उभे असतात.

त्याच आचार्य दोंदे मार्गावर एका जुन्या वास्तूच्या फाटकावर पाटी दिसते, हाफकिन.

हे नाव आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलंय. भाताच्या खाचरात सापाने पाय धरला की जे इंजेक्शन देतात, ते हाफकिनमध्ये बनतं. पोलिओचे डोस तिथून आलेत. २०१७ साली राज्य सरकारने सरकारी दवाखान्यांसाठी औषधं घेण्याचं काम हाफकिन महामंडळाकडे दिलं, तेव्हापासून तर औषधं संपली की पेपरात हाफकिनचंच नाव यायला लागलं. कोरोनात कोव्हॅक्सिन बनवायची परवानगी मिळाली तेव्हाही हेच नाव बातम्यांत होतं.

पण हाफकिन हा माणूस कोण होता, हे विचारलं तर बरेच जण अडतात. इंग्रज असेल, डॉक्टर असेल, असं वाटतं.

तो इंग्रज नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. पुढे त्याच्यावर जे बेतलं, त्यात या दोन गोष्टींचा वाटा होता असं मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा. काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा शहरातला, ज्यू घरातला. तेव्हा ते शहर रशियाच्या झारच्या राज्यात होतं. हाफकिन तिथल्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकले. शिकवायला मेचनिकोव्ह होते, ज्यांना पुढे नोबेल मिळालं.

त्या काळात रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले व्हायचे. १८८१ च्या दंगलीत आपल्या लोकांचा बचाव करताना हाफकिन जखमी झाले, वर तुरुंगात गेले. मेचनिकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटले. विद्यापीठात पुढे जायचं तर धर्म बदला, असा मार्ग त्यांच्यापुढे होता. त्यांनी तो घेतला नाही. देश सोडला. आधी जिनिव्हा आणि मग १८८९ मध्ये पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. तिथे शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, म्हणून ग्रंथालयात मदतनीस म्हणून लागले. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात जंतूंवर काम करायचं.

यातूनच त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ ला ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःला. ताप आला, उतरला, माणूस धडधाकट. युरोपातल्या बड्या मंडळींनी मात्र मान हलवली नाही. लस खरंच चालते का, हे बघायचं तर जिथे पटकी दरवर्षी माणसं नेते तिथे जायला हवं होतं. पॅरिसमध्ये तेव्हा ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, जे आधी भारताचे व्हाइसरॉय राहिले होते. त्यांच्या मदतीने हाफकिन १८९३ मध्ये कलकत्त्याला पोचले.

पुढची दोन-अडीच वर्षं ते उत्तर भारत, बंगाल, आसामचे चहामळे असे फिरले. ४० हजारांवर लोकांना लस टोचली. बरोबर भारतीय डॉक्टर होते. शेवटी मलेरियाने इतकं पोखरलं की १८९५ मध्ये परत जावं लागलं. थोडं बरं वाटताच पुन्हा आले.

आणि तेव्हाच मुंबईत प्लेग निघाला.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात लोक तापाने पटापट जायला लागले. जांघेत, काखेत गाठ आणि तीन-चार दिवसांत खेळ खलास. हा साधा ताप नाही, प्लेग आहे, हे मूळचे गोव्याचे असलेल्या डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं आणि महापालिकेत सांगितलं. सरकारने हाफकिन यांना तार धाडली आणि ७ ऑक्टोबरला ते मुंबईत आले.

आता कर्जत-खालापूरकडे पुन्हा येऊ, कारण हा रोग ज्या वाटेने देशावर गेला त्यातली एक वाट इथून जाते.

मुंबईची रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली होती. पुढे बोरघाट. घाट पोखरून रूळ टाकेपर्यंत, म्हणजे १८६३ पर्यंत, लोक खोपोलीला उतरायचे आणि पालखीने नाहीतर पायी खंडाळ्याला चढायचे. घाट बांधताना पटकीने आणि तापाने मजूर हजारांनी मेले. १८९६ ला मात्र हे सगळं जुनं झालं होतं. मुंबईत बसलेला माणूस कर्जतमार्गे काही तासांत पुण्यात उतरत होता.

प्लेगचा गवगवा झाला आणि मुंबई पळायला लागली. शहराची वस्ती साधारण साडेआठ लाख. त्यातले जवळजवळ चार लाख लोक १८९७ च्या सुरुवातीपर्यंत बाहेर पडले. कुणी बोटीने कोकणात गेलं, कुणी गाडीने गुजरातेत, कुणी घाटावर. गाठोडी, धान्याची पोती, ट्रंका. त्यातून उंदरांच्या पिसवाही निघाल्या. तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं. पिसवेमुळे रोग पसरतो हे १८९८ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं आणि सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं गेली.

सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आणला. कोरोनाच्या वेळी आपल्यावर जो लागला, तोच. स्टेशनांवर तपासण्या सुरू झाल्या. कल्याणला प्रवाशांना खाली उतरवून काखा-जांघा तपासायचे. बायकांनाही. पुण्यात तर रँडसाहेबाने सोल्जर घरात घुसवले, देवघरापर्यंत बूट गेले, माणसं छावणीत नेली. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकरांनी गोळ्या घातल्या. त्याआधी मार्चमध्ये पुण्याजवळच रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. हा सगळा इतिहास आपल्याला पाठ असतो. त्याच महिन्यांत मुंबईत एक माणूस लस तयार करत होता, हे मात्र त्या इतिहासात सहसा येत नाही.

हाफकिन यांना जागा मिळाली ती ग्रँट मेडिकल कॉलेजात, जे.जे. हॉस्पिटलच्या आवारात. जागा म्हणजे एक खोली आणि व्हरांडा. माणसं किती? एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिने दिवसरात्र काम चाललं. एका मदतनिसाला मानसिक त्रास सुरू झाला, दोघं काम सोडून गेले.

लस कशी बनायची हे ऐकण्यासारखं आहे. प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवायचे असतात. युरोपात त्यासाठी सर्रास गाईचं मांस वापरत. इथे ते चालणार नाही आणि डुकराचंही चालणार नाही, हे हाफकिन यांना कळत होतं. त्यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना लटकून जंतू खाली वाढायचे, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांसारखे. पुरेसे वाढले की तापवून मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. मेलेले जंतू आणि त्यांचं विष, हीच लस.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना जेवढी द्यायचे, त्याच्या तीन-चार पट. चांगलाच ताप भरला, हात-पाय दुखले, पण निभावलं.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या साधारण निम्म्या कैद्यांना लस दिली, जे स्वतःहून पुढे आले त्यांना. कैद्याचं स्वतःहून किती स्वतःहून असतं, हा प्रश्न आज विचारला जाईल आणि विचारायलाच हवा. पण निकाल काय आला बघा. टोचायच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग होता ते काही जण सोडले, तर पुढच्या आठवडाभरात लस घेतलेल्यांपैकी दोघं आजारी पडले आणि दोघंही वाचले. लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले, त्यातले ६ गेले.

नंतर उरण, दमण, खडकीची छावणी अशी एकेक जागा. आणि घाटाच्या वर लोणावळा. कर्जतहून जी गाडी चढते ती जिथे दम घेते, तेच लोणावळं. १८९७ मध्ये तिथे प्लेगने ठाण मांडलं तेव्हा हाफकिन यांनी तिथे लस दिली आणि घेतलेले किती, न घेतलेले किती, आजारी कोण, गेले कोण, याची नोंद ठेवली. एकाच गावात, एकाच हवेत, एकाच साथीत दोन गट आणि न घेतलेल्यांत मृत्यू कितीतरी पट जास्त.

सगळ्यात चोख हिशोब मिळाला बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात, फेब्रुवारी १८९८ मध्ये. तिथे घराघरांत निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना नाही. एकाच चुलीवर जेवणारी माणसं. लस घेतलेल्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला, ३ गेले. न घेतलेल्यांपैकी २७ जणांना झाला, २६ गेले. आज नव्या लसीची चाचणी करतात ती याच विचाराने. संमती, पर्याय, देखरेख हे सगळं आता त्यात आलंय, तेव्हा नव्हतं. उंढेऱ्यातल्या त्या २६ जणांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, ते कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

हे सगळं होताना अफवा होत्याच. सरकार विष टोचतंय, धर्म बाटवतंय. कोरोनात व्हॉट्सॲपवर जे फिरलं ते तेव्हा तोंडी फिरत होतं. शिवाय लस घेतली की दोन-तीन दिवस ताप आणि दंड सुजून यायचा, म्हणजे रोजंदारीवाल्याचा खाडा. हाफकिन यांचं धोरण होतं की लस मागणाऱ्यालाच द्यायची. सोल्जर पाठवून रोग हटत नाही, हे पुण्यात दिसलंच होतं.

मदतीला कोण आलं? आगाखान. खोजा समाजाचे धर्मगुरू, तिसरे आगाखान, तेव्हा वय जेमतेम विशीचं. त्यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नाही, अनेकदा. मग मुंबईतल्या खोजांनी रांगा लावल्या. त्यांनी आपला एक बंगलाही प्रयोगशाळेला दिला.

पण मागणी इतकी वाढली की तोही पुरेना. म्हणून सरकारने परळचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस दिलं. ही वास्तू मुळात पाद्र्यांची, मग मुंबईच्या गव्हर्नरांची. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नर मलबार हिलला राहायला गेले. पटकीच्या लसीच्या जनकाला अखेर तेच घर मिळालं. १० ऑगस्ट १८९९ ला प्लेग संशोधन प्रयोगशाळा तिथे सुरू झाली आणि पुढे हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले. कुठे एक कारकून आणि तीन शिपाई, आणि कुठे पन्नासेक माणसांचा कारखाना. इथून लस देशभर आणि देशाबाहेरही जायला लागली.

म्हणजे एक परदेशी, ज्यू, वैद्यकीची पदवी नसलेला माणूस आता साऱ्या हिंदुस्थानच्या प्लेगविरोधी मोहिमेच्या मुळाशी बसला होता. त्याच्या हाताखाली आणि आजूबाजूला होते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे गोरे, लष्करी हुद्द्यांचे डॉक्टर. कॅप्टन, मेजर, कर्नल. राणीने हाफकिन यांना १८९७ मध्येच किताब दिला होता, पण त्याने अशी दरी बुजत नाही. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने लस चालते असं मान्य केलं, आणि त्याच दमात हाफकिन यांच्या आकडेमोडीवर, जंतुविरहित काम करण्याच्या पद्धतीवर शंका घेतल्या. या शंका पुढे महागात पडल्या.

१९०२ साल. पंजाबात प्लेगने हाहाकार माजवला होता. तिथल्या सरकारने ठरवलं, लाखोंना लस द्यायची. परळवर मागणीचा डोंगर आला. जुनी पद्धत वेळखाऊ होती, म्हणून हाफकिन यांनी नवी, झटपट पद्धत सुरू केली. तीत जंतू रश्श्यात न वाढवता आगारवर वाढवायचे. आणि तीत कार्बोलिक ॲसिड घातलेलं नव्हतं. उष्णतेने जंतू मरतात, मग ॲसिड कशाला, हा त्यामागचा विचार. पॅरिसमध्येही तसं करत होते.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकवाल गाव, जे आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ लोकांनी लस घेतली. आठवडाभरात त्यातल्या १९ जणांचे जबडे आखडायला लागले. धनुर्वात. एकामागून एक १९ च्या १९ गेले.

शोधलं तर कळलं की हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाटली नंबर ५३-एन, परळला सुमारे सहा आठवडे आधी भरलेली. त्याच दिवशी उघडलेल्या बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्या लोकांना काहीही झालं नाही.

चौकशी बसली. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, सोबत दोन डॉक्टर. निष्कर्ष आला की बाटली गावात उघडायच्या आधीच, म्हणजे परळमध्येच दूषित झाली होती. ॲसिड वगळलं हेही हाफकिन यांच्या खात्यावर मांडलं गेलं. त्यांना पदावरून दूर केलं, पगार थांबवला. ते लंडनला गेले. प्रयोगशाळा दुसऱ्याच्या हाती गेली.

आता यात एक गोष्ट होती जी चौकशीच्या कागदांत होती, पण निकालात तिला वजन मिळालं नाही. बाटली उघडायच्या वेळी तिथल्या कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्यानेच बुच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, शेणामुताच्या मातीत तर भरपूर. नुसत्या बुचकळण्याने ते मरत नाहीत.

दुसरी गोष्ट वासाची. धनुर्वाताचे जंतू सहा आठवडे बंद बाटलीत वाढले असते, तर बाटली उघडताच घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांना कसलाही वास आला नव्हता. आणि तिसरी गोष्ट, इतके दिवस बाटलीत विष साठलं असतं तर माणसं दोन-तीन दिवसांतच आजारी पडली असती, आठवड्याने नव्हे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने कागद तपासले तेव्हा त्यांचाही कल याच बाजूला गेला, आणि ॲसिड घातलं असतं तरी धनुर्वात टळला असता असं नाही, हेही पुढे आलं.

पण हे सगळं बाहेर यायला वर्षं लागली. चौकशीचे कागद लोकांसमोर आलेच नव्हते. हाफकिन लंडनमध्ये बसून पत्रांवर पत्रं लिहीत होते. सरकारी खात्याशी ज्यांचा कधी पंगा झालाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. चूक झाली असं कुणी म्हणत नाही, आणि आता सगळं मिटलंय तर कशाला उकरता, असा सूर.

कागद छापून आले तेव्हा लंडनमधल्या डॉक्टरांनी ते वाचले आणि हादरले. त्यात पुढे होते रोनाल्ड रॉस, ज्यांनी सिकंदराबादला डासातून मलेरिया होतो हे शोधलं आणि १९०२ चं नोबेल मिळवलं. रॉस स्वतः याच इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, आतून सगळं बघितलेले. २९ जुलै १९०७ ला लंडनच्या टाइम्समध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंतांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. हाफकिन यांच्यावर अन्याय झालाय, तो दूर करा, असा त्याचा आशय. रॉस यांनी आणखी एक गोष्ट आधीपासून लावून धरली होती. दोष चुकीच्या ठिकाणी दाखवला तर खरी चूक सुधारणार नाही आणि लोक लसीलाच घाबरतील.

ते झालंच होतं. मलकवालनंतर पंजाबातली मोहीम कोलमडली. १९०७ या एका वर्षात पंजाबात प्लेगने ६ लाखांहून जास्त माणसं गेली. यातली किती लसीने वाचली असती याचा हिशोब कोण करणार. सगळी वाचली असती असं कुणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही, ती लस तेवढी पक्की नव्हती. काहीच वाचली नसती, असंही म्हणता येत नाही.

इथे थोडं थांबून माझं मत सांगतो. मुख्य माणसाने जबाबदारी घ्यायची असते, हे बरोबर आहे. परळहून निघालेल्या प्रत्येक बाटलीला हाफकिन बांधील होते, आणि साथीच्या घाईत पद्धत बदलताना लोकांनी शंका घेतली तर ते उत्तर द्यायला बांधील होते. पण जबाबदारी घेणं वेगळं आणि खापर फोडणं वेगळं. जबाबदारी घ्यायला लावायची तर बाटली परळपासून मलकवालच्या ओट्यापर्यंत कशी गेली, कुणी उघडली, चिमटा पडला तर काय करायचं हे कंपाउंडरला कुणी शिकवलं होतं का, हे सगळं बघावं लागतं. त्या कंपाउंडरला तरी एकट्याला का धरावं? एका दिवसात शंभर-सव्वाशे माणसं टोचायची, गर्दी, धूळ, मदतीला कोणी नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुठल्याही नर्सला विचारा, शिबिराच्या दिवशी काय धांदल असते. चौकशीने एक माणूस शोधला, जो लांब होता, बाहेरचा होता आणि ज्याच्या बाजूने बोलणारं खात्यात फारसं कुणी नव्हतं.

नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिन यांना निर्दोष ठरवलं. पाच वर्षं गेली होती. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरचा खोटा देशद्रोहाचा डाग पुसला गेला होता. लोकांनी हाफकिन यांच्या प्रकरणाला छोटं ड्रायफस प्रकरण म्हणायला सुरुवात केली.

ते भारतात परत आले. पण परळला नाही. तिथली खुर्ची भरलेली होती. त्यांना कलकत्त्याची जागा दिली, जिथे फक्त कागदोपत्री संशोधन करायचं होतं. लोकांवर लसीची चाचणी करायची परवानगी नव्हती. ज्या माणसाने अख्खं आयुष्य दंडावर सुई टोचण्यात घालवलं, स्वतःच्या दंडापासून सुरुवात करून, त्याला सुईला हात लावायची मुभा नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपला गेले. पुन्हा प्रयोगशाळेत काही मोठं केलं नाही. लग्न केलं नव्हतं. उतारवयात आपल्या धर्माकडे वळले, जमवलेला पैसा पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या, म्हणजे मुलांना धर्मग्रंथ शिकवणाऱ्या शाळांच्या नावाने ठेवला.

परळचं काम मात्र थांबलं नाही. १९०५ पासून तिथेच बसलेल्या कमिशनने उंदीर, पिसू आणि माणूस ही प्लेगची साखळी पक्की सिद्ध केली. लसीचं उत्पादन चालू राहिलं. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले.

१९२५ मध्ये तिथले तेव्हाचे संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने प्रयोगशाळेचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झालं. हाफकिन तेव्हा हयात होते, पॅरिसमध्ये होते. ज्या घरातून काढलं त्याच घरावर नाव लागलं, हे त्यांना डोळ्यांनी बघता आलं नाही, पत्रातून कळलं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले.

१९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. परळच्या त्या आवारात आता संग्रहालयही आहे. केईएमला आलेल्या पेशंटचे नातेवाईक मात्र त्या फाटकाकडे सहसा बघत नाहीत. त्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, कारण खोपोलीची शेवटची गाडी चुकली तर रात्र स्टेशनवर काढावी लागते.